आत्यांची हाळी

माझं माहेर दौंडचं. रेल्वेच्या चाळीत वाढले, त्यामुळे मोठ्या आवाजाचं मला अप्रूप नव्हतं. इंजिनाची शिट्टी झाली की आम्ही कूस बदलून झोपायचो, आणि गाडी चुकून लेट असली तर शिट्टी ऐकू आली नाही म्हणून जागे व्हायचो. तर अशी मी, नव्वद सालानंतर लग्न होऊन न्हावऱ्याला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी चुलीपुढं चहा गाळत बसले होते, आणि रानाच्या खालच्या टोकाकडून, विहिरीच्याही पलीकडून, अशी काही हाळी आली की माझ्या हातातलं गाळणं पातेल्यात पडलं. मला वाटलं कुणीतरी विहिरीत पडलं. माझे यजमान शांतपणे म्हणाले, "काही नाही, आई चहा मागतीय."

त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. अंगापिंडानं बारीक, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि आवाज मात्र दोन तालुक्यांना पुरेल एवढा. आमचं रान उताराला. वर घर, मध्ये कांदा, खाली विहिरीपाशी शेवंती आणि झेंडू. पहाटे फुलं तोडायला बायका घेऊन त्या खाली उतरायच्या आणि तिथूनच घर चालवायच्या. दूध उतू घालवू नको, पोरीला उठव, पाहुण्यांना बसायला सांग, सगळं हाळीवर. शेजारचे चाचा आमची फुलं त्यांच्या टेम्पोतून पुण्याच्या मार्केटला न्यायचे. ते म्हणायचे, वहिनींची हाळी ऐकली की मी किल्ली फिरवतो, घड्याळ बघत नाही. आमच्या घरी फोन फार उशिरा आला त्याचं खरं कारण हेच, गरजच नव्हती.

सुरुवातीला मला राग यायचा. सगळ्या शिवाराला कळायचं की आमच्याकडे आज मीठ संपलंय. एकदा मी तसं तोंडावर म्हटलं. आत्या म्हणाल्या, "मग काय झालं, कुणीतरी आणून देईल." आणि दुपारच्या आत चाची खरंच मिठाचा पुडा घेऊन दारात. तेव्हापासून मी तक्रार करायचं सोडलं. पुढं पुढं तर त्या गावाला गेल्या की मला घर बहिरं वाटायचं.

मोबाईल गावात नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यात एक दिवस चहाची वेळ टळून गेली तरी हाळी नाही. मी ओट्यावर येऊन पाहिलं, तर आत्या बांधावर उभ्या राहून टॉवेल हलवत होत्या. मी चहा घेऊन खाली गेले. म्हणाल्या, घसा बसलाय. घसा काही आठवड्यांनीही उठला नाही. हाळी अर्ध्यातच तुटायची आणि मागून खोकला यायचा. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, गावातल्या डॉक्टरांची बाटली झाली. शेवटी माझ्या वडिलांनी दौंडला बोलावून घेतलं आणि त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, वडिलांकडं पाहिलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

पुण्याला आम्ही चाचांच्या टेम्पोतून गेलो. चाचांनी पुढची सीट आत्यांना दिली, मी आणि यजमान मागं शेवंतीच्या गोण्यांत. दवाखान्यात शिरलो तेव्हा आमच्या अंगाला असा वास येत होता की लिफ्टमधल्या एका बाईंनी मला विचारलं, कुणाचं लग्न आहे का.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. सगळ्या तपासण्या झाल्या, सुई घालून तुकडाही काढून झाला, आणि मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं. आधी विचारलं, या विडी ओढतात का? आत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सबंध जन्मात कुणी त्यांचा एवढा अपमान केला नव्हता. मिश्री लावते, ती पण सकाळची, आणि ती पण आता सोडीन, असं त्यांनी ठणकावलं. मग डॉक्टरीणबाई काय सांगायचं ते कसं सांगायचं म्हणून शब्द शोधायला लागल्या. आत्याच म्हणाल्या, "कॅन्सर हाय ना? मग तसं म्हणा की. आमी ऐकायलाच आलोय."

होता. उजव्या फुप्फुसात गाठ होती. ऑपरेशन करता येण्यासारखी होती, पण ती अशा अडनिड्या जागी बसली होती की आत्ता लगेच काढायची तर बहुधा उजवं फुप्फुस सगळंच काढावं लागलं असतं. लहान झाली असती तर एका भागावर भागलं असतं. आणि इथं डॉक्टरीणबाईंनी एक दुसरी गोष्ट सांगितली. एक गोळी आहे. ती सगळ्या अंगावर मारा करत नाही. गाठीतल्या पेशींमध्ये एक विशिष्ट बदल असला तर नेमका तोच धरून तिची वाढ अडवते. आत्यांच्या तुकड्यात तो बदल सापडलाय. ज्यांचा आजार फार पसरलाय त्यांना ती गोळी देतात. पण ऑपरेशनच्या आधी दिली तर गाठ आकसते का, ऑपरेशन सोपं होतं का, हे अजून नक्की माहीत नाही. तेच आम्ही तपासतोय. त्यात यायचं की नाही ही तुमची मर्जी. नको म्हणालात तरी ऑपरेशन करूच.

मी दौंडची, मी प्रश्नांची गाडी सोडली. म्हणजे तुम्हाला माहीत नाही आणि आमच्यावर करून बघणार? डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, हो, माहीत नाही म्हणूनच तपासणं म्हणायचं, आणि माहीत नाही हे तुम्हाला आधी सांगणं माझं काम आहे.

आत्या मात्र एकदम खुलल्या. त्यांना कुणीतरी ओळखीच्या भाषेत बोलल्यासारखं वाटलं. आमच्याकडे नवं खत आलं, नवं औषध आलं, की दुकानदार काहीही सांगो, आत्या आधी शेवंतीच्या एकाच सरीवर टाकायच्या. त्या सरीला काठीला चिंधी बांधून खूण करायच्या आणि रोज जाऊन बघायच्या. मगच बाकीच्या रानाला.

"म्हंजी मी ती चिंधीची सरी," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना मी चिंधी समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, फक्त सरीला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतोय.

मग आत्यांनी त्यांच्या मनातला खरा प्रश्न काढला. एक फुप्फुस सगळंच काढलं तर हाळी जाईल का? आता हाळी काय ते समजावून सांगायची पाळी पुन्हा माझ्यावर. डॉक्टरीणबाईंनी एक नळीचं यंत्र पुढं केलं, यात जोरात फुंका म्हणाल्या. आत्यांनी फुंकलं, खोकल्या, पुन्हा फुंकलं. डॉक्टरीणबाई आकडा बघून म्हणाल्या, रोजचं चालणं-बोलणं एका फुप्फुसावरही होतं, पण तुम्ही सांगताय तसली हाळी मात्र नाही घालता यायची. एकच भाग काढावा लागला तर आशा ठेवू.

आत्यांनी मग आणखी काही विचारलं नाही. जिथं सांगाल तिथं अंगठा देते म्हणाल्या, आणि सही येत असूनही, चुकू नये म्हणून, अंगठाच दिला.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन काय काय होऊ शकतं ते सांगितलं. जुलाब होतील, कातडी कोरडी पडेल, तोंडावर-छातीवर पुळ्या येतील. पुळ्यांना घाबरू नका, उलट पुष्कळदा औषध लागू पडत असल्याची ती खूण असते. मी मान डोलावली आणि आत्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, या वयात पुटकुळ्या आल्या तर लोक काय म्हणतील.

गोळी सुरू झाली. सकाळी फुलं तोडून झाली की मी पाणी घेऊन खाली जायची, आणि त्या देवाचं तीर्थ घ्यावं तशी उजव्या तळहातावर गोळी घेऊन, डोळे मिटून गिळायच्या. आठवडाभरात काय झालं ते आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं की खोकला रात्रीचा उठवत नाही. चाचा म्हणाले, वहिनी, आज तुमचा आवाज कांद्यापर्यंत आला होता. हाळी घरापर्यंत पोचत नव्हती, पण अर्धं रान चढून येत होती. मी त्या दिवशी गुळाचा शिरा केला.

आणि मग पुळ्या आल्या. चार-दोन नव्हे, कपाळ, नाक, गाल, गळा, छाती, सगळीकडं लाल, टोकाला पू असलेल्या पुळ्या. दिसायला भयंकर. तरी मी खूश, कारण मला खूण माहीत होती. पण नेमक्या त्याच दिवशी वरवंडच्या मावशी आल्या.

मावशी म्हणजे आत्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून मावशींनीच आत्यांना वाढवलं होतं, त्यामुळे आमच्या घरात आत्यांचा शब्द शेवटचा असला तरी त्यानंतर मावशींचा एक असायचा. एसटीतून उतरल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, बहिणीचं तोंड पाहिलं आणि तिथल्या तिथं चपला काढून हात जोडले.

"आगं बाय माझे, आई आल्यात तुला."

देवी. अंगावर पुरळ उठलं की आमच्याकडं तो आजार नसतो, देवी घरी येऊन बसलेली असते. तिचा मान ठेवायचा असतो. तासाभरात घराचं रूप बदललं. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले, ते आणायला चाचीच गेल्या, त्यांच्या घरीसुद्धा देवी आली की हेच करतात. आत्यांच्या अंथरुणाखाली लिंबाचा पाला. फोडणी बंद, तळण बंद, वेणी-फणी बंद, जेवायला गार दहीभात. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं, लिंबाच्या पाल्यानं कुणाचं काय बिघडतंय. पण देवी असताना औषध चालत नाही. औषध म्हणजे घरी आलेल्या देवीला हाकलून देणं. देवी कोपली तर ती रोग्याला काही करत नाही, घरातल्या लेकराला धरते. आणि आमची लेक आत्यांच्या कुशीत झोपायची.

दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तर आत्यांनी मान फिरवली. लेकीला आधीच माझ्या खोलीत पाठवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, हाळी गेली तर जाऊ दे, पोरीला काही व्हायला नको.

मी काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. मावशींना म्हणाले, या पुळ्या गोळीनं आल्यात, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. मावशी म्हणाल्या, गोळीचं निमित्त, देवी कशाचं बी निमित्त करून येती. यजमानांकडं पाहिलं तर ते गोठ्यात. घरात दोन बायकांचं जुंपलं की म्हशीला वैरण घालायची त्यांना फार आठवण यायची.

मधे काही दिवस असेच गेले. मी माळवदावर चढून, रेंज धरून, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, थोडा खंड पडला तर चालेल, पुळ्यांना मलम लिहून देते, उन्हात जाऊ देऊ नका. पण आणखी खंड वाढला तर मला त्यांना यातून काढावं लागेल. मग गाठ आहे तशी, ऑपरेशन करायचं, फुप्फुस जेवढं जाईल तेवढं. पण तुम्ही जबरदस्ती करू नका हं, गोळी त्यांच्या मर्जीनंच घ्यायला हवी.

ही शेवटची अट मला मुळीच आवडली नाही. मी तर गोळी कालवणात घालायच्या विचारात होते.

खाली आले आणि दोघी बहिणींपुढं हे सगळं जसंच्या तसं मांडलं. मावशी जपमाळ ओढत राहिल्या. आत्या लिंबाच्या पाल्यावर पडून आढ्याकडं बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आक्का, आपण तिलाच इचारू. कौल लावू."

माझं डोकंच फिरलं. ओढ्याकाठी देवीचं ठाणं आहे, पिंपरणीच्या झाडाखाली शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे नाक-डोळे नसलेला देवीचा गोल दगड. कुणाला काही अडलं की त्या तांदळ्याला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवतात आणि हात जोडून बसतात. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. म्हणजे एवढ्या तपासण्या, एवढ्या सुया, पुण्याच्या एवढ्या खेपा, आणि शेवटी सगळं एका फुलावर. डावं पडलं तर संपलंच, मग ब्रह्मदेव आला तरी आत्या गोळीला हात लावणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, मी येणार नाही. आणि सगळ्यांत पुढं चालायला लागले.

आत्यांना डोक्यावरून पदर घेऊन नेलं. ओटीत फुलं त्यांनीच घेतली होती, घरची शेवंती. मावशींनी ओढ्याचं पाणी आणून तांदळा पुसला, हळदकुंकू वाहिलं, आणि हात पुढं केला. आत्यांनी ओटीत चाचपून एक फूल दिलं, हे उजवीला. मग दुसरं दिलं, हे डावीला. मावशींनी दोन्ही शेंदरावर दाबून बसवली आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, की आई, हिनं दवाखान्याची गोळी घ्यावी आसं तुझ्या मनात आसंल तर उजवा दे, न्हाई तर डावा दे, पर लेकराबाळांवर राग धरू नको.

मी फुलांकडं बघत उभी होते. तसलं बघणं मी जन्मात दुसऱ्यांदा केलं नाही. ओढ्याला पाणी थोडं होतं, त्याचा आवाज येत होता. मावशींचे ओठ हलत होते. आत्या मात्र फुलांकडं बघतच नव्हत्या, त्या पिंपरणीवरचा सुतारपक्षी बघत होत्या.

उजवं फूल पडलं.

मावशींनी भंडारा उधळला. मी, जी देवाला उठता-बसता टोमणे मारते ती मी, तांदळ्यापुढं सपशेल आडवी झाले आणि भोकाड पसरून रडले. चाची लांब उभ्या राहून बघत होत्या, त्यांनीही डोळे पुसले. आत्या म्हणाल्या, गोळी आणलीस का? मी आणली होती. न येण्याच्या गोष्टी करत होते, तरी कनवटीला बांधून आणली होती. त्यांनी ओढ्यावर हात धुतले आणि घरून आणलेल्या तांब्यातल्या पाण्यानं तिथंच गोळी गिळली.

परतताना मी ते पडलेलं फूल प्रसाद म्हणून उचललं. एव्हाना मी पण शेवंतीवाल्यांच्या घरात बरीच वर्षं काढली होती. फूल हातात घेतल्याबरोबर मला कळलं, हे आजचं नाही. दोन-तीन दिवसांपूर्वीचं, पूर्ण उमललेलं, कोरडं आणि देठाला जड. आणि तांदळ्यावर अजून घट्ट बसलेलं डावं फूल सकाळचं, दवानं ओलं, अर्धवट मिटलेलं, गोंद लावल्यासारखं चिकटणारं. त्या दोन फुलांत आधी कुठलं पडणार हे आमच्या रानातलं कुणीही झोपेत सांगितलं असतं.

मी आत्यांना मागं ओढलं आणि फूल त्यांच्यापुढं धरलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"देवीच्या मनात काय हाय ते मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "आन् तुझा फोन ऐकल्यावर पार पटलं. मग तिला उगंच अवघडात कशाला टाकायचं?"

असलं उत्तर ऐकून मला हसू आवरेना. मी विचारलं, आणि पोरीची भीती? म्हणाल्या, भीती होतीच की, म्हणून तर विचारायला आले. न विचारता घेतली असती तर तो अपमान झाला असता. विचारलं, मान दिला, आता तिची काही तक्रार नाही. त्या रात्री लेक पुन्हा त्यांच्या कुशीत झोपली.

पुढच्या तपासणीला गाठ लहान झालेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी लावून दाखवला. आधी लिंबाएवढी, आता सुपारीएवढी. यजमान, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, बघू पुन्हा. त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. ऑपरेशन झालं, आणि फुप्फुसाचा एकच भाग काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर आत्यांनी नर्सला पहिलं काही विचारलं असेल तर ते हे, की किती ठेवलंय.

गोळी ऑपरेशनच्या आधी थांबवली होती, तशा पुळ्याही ओसरल्या. आत्या घरी आल्यावर मावशींनी रीतसर देवीची पाठवणी केली. दहीभाताचा नैवेद्य, हिरव्या बांगड्या, खण, नारळ. वाजत गाजत ओढ्यापर्यंत गेलो. चाचांनी टेम्पोचा हॉर्न वाजवला, वाजंत्री नव्हते ती कसर भरून निघाली. पाठवणी चालली असताना मावशी माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, माझ्या लग्नाचा कौल लावला तेव्हा पण हिनं शिळं फूल दिलं होतं. मी दचकून पाहिलं. त्यांनी जाड भिंगाचा चष्मा सारखा केला.

"मला काय दिसत न्हाई व्हय? पर इचारलं हे महत्त्वाचं."

हाळी मात्र लगेच आली नाही. आत्या नळीत फुंकायच्या, बांधावर सावकाश फिरायच्या. विहिरीपाशी जाऊन तोंडाशी हात धरायच्या आणि पुन्हा खाली घ्यायच्या. मी ओट्यावरून बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. मनात धाकधूक होती, की एक भाग गेला तो हाळीचाच असला तर? टॉवेल दिसला की मी चहा घेऊन जायची. आम्ही दोघींनी त्यावर कधी बोलणं काढलं नाही.

त्या वर्षाच्या शेवटी तपासणीसाठी पुन्हा पुण्याला गेलो. आत्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुमच्या बाकीच्या सऱ्यांचं काय झालं? त्या म्हणाल्या, काहींना चांगला गुण आला, काहींना नाही, अजून माणसं येतायत, सगळं पीक हाती आल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आत्यांना हे फार पटलं. बरोबर आहे म्हणाल्या, एका सरीवर रानाचा अंदाज करू नये. मग डॉक्टरीणबाई फुंकायचं यंत्र आणायला आत गेल्या आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो.

तेवढ्यात समोरून एक बाई गेल्या. आत्यांच्याच वयाच्या, तोंडावरून पदर ओढलेला, मागून मुलगा फाईल घेऊन. पदर जरा सरकला आणि आम्हाला दिसलं. तेच कपाळ, त्याच पुळ्या. बाई मुलाला सांगत होत्या, घरी चल, मला नको ते औषध, अंगात आई असताना मी इथं आलेच कशी. मुलगा पाया पडायच्या बेतात होता. त्या थांबायला तयार नव्हत्या. लांबलचक बोळातून, खुर्च्यांच्या रांगा ओलांडून, पार टोकाच्या जिन्यापाशी पोचल्या.

आत्या उठल्या. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. त्यांनी तोंडाशी हात धरला.

"ए बाऽऽऽय! थांऽऽऽब!"

अख्खा दवाखाना थांबला. शिपायाच्या हातातली ट्रॉली थांबली, खिडकीवरची रांग वळून बघायला लागली, वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. जिन्यापाशी त्या बाईसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी तिथं बाकावर बसून रडत होते आणि हसत होते, आणि शेजारचे लोक मला काय झालं म्हणून विचारत होते.

आत्या तुरुतुरु चालत त्यांच्यापर्यंत गेल्या. आपला पदर मागं सारून गालावरचे बारीक खळगे दाखवले, त्यांचा हात हातात घेतला आणि गाव विचारलं. बाई राहूच्या निघाल्या, म्हणजे वरवंडपासून काही लांब नाही. दोघी जिन्याच्या पायरीवरच बसल्या. पुढचं मला ऐकू आलं नाही, आत्या पहिल्यांदाच हळू बोलत होत्या. पण राहूला देवीचं ठाणं कुठल्या झाडाखाली आहे आणि तुमच्याकडं फुलं घरची असतात का, असं काहीतरी त्यांनी विचारलं असणार, कारण बाई मान डोलावत होत्या.

डॉक्टरीणबाई नळीचं यंत्र घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी एकदा जिन्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि यंत्र परत खोक्यात ठेवलं.